सासूबाईंच्या गुडघ्यांसोबत सतरा दिवस

रविवार, २ फेब्रुवारी. रक्कम रुपये तीन लाख साठ हजार. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा, आणि मोबाइलच्या पडद्यावर मेहुणा दिलीप, ज्याचा अर्धा चेहरा आणि पूर्ण पंखा दिसत होता. ठिकाण साताऱ्याचं आमचं घर. विषय एकच, सासूबाईंचे दोन्ही गुडघे.

गुडघे झिजलेत, दोन्ही बदलून टाका, असं त्यांना अकोल्याच्या एका दवाखान्यात सांगितलं होतं. खर्चाचा अंदाज वर दिलाच आहे. निम्मे आम्ही आणि निम्मे दिलीप असं ठरलं, आणि मी मुदत ठेवीची पावती कपाटातून काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात दिलीप बाजूला सरकला आणि पडद्यावर सासूबाईंचा पदर आला. त्या माझ्याशी सहसा थेट बोलत नाहीत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण मला सांगायचं ते त्या दुसऱ्या कुणाला तरी सांगतात आणि मी ते शेजारी बसून ऐकतो.

"सुनंदे, त्यायले (त्यांना) सांग," त्या म्हणाल्या, "मी कापू देत नाई. बिना कापायचं काय असन ते पयले करा. नाईच जमलं तं मंग पाहू."

सुनंदा माझ्याकडे वळली. "आई म्हणते..."

"ऐकलं मी."

त्यांच्या नकारामागे एक किल्ली होती. त्यांच्या गावातल्या बुद्धविहाराची किल्ली अठरा वर्षं त्यांच्याकडे असे. सकाळी सहाला कुलूप उघडायचं, झाडायचं, रांजण भरायचा. विहाराला पाच पायऱ्या आहेत. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत त्या पाच पायऱ्या त्यांना चढवेनात, आणि किल्ली शेजारच्या कमलाबाईंकडे गेली. ऑपरेशन बिघडलं तर किल्ली कायमची गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि काहीच केलं नाही तरी ती गेलेलीच होती.

सुनंदा शाळेत शिक्षिका, तिच्या परीक्षा तोंडावर. दिलीप एसटीत वाहक, त्याला सलग रजा मिळत नाही. माझी नोकरी सरकारी कचेरीत आकडे तपासण्याची, आणि शिल्लक रजा तिघांत सर्वाधिक. तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला. मी जायचं, बिनशस्त्रक्रियेचे सगळे उपाय करून पाहायचे, आणि नाहीच जमलं तर ठेव मोडायची.

मंगळवारी संध्याकाळी साताऱ्याहून गाडी पकडली. सामानात घडीची काठी एक, गुडघ्यावर चढवायचे पट्टे दोन, आणि एक कोरी वही. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेरची माती काळी झाली होती. आमच्याकडे डोंगर नजर अडवतात. इथे नजर जाते आणि परत यायचं विसरते. हरभरा उभा होता, कपाशीच्या पळाट्या (वाळलेली झाडं) कुठे उभ्या, कुठे उपटून रचलेल्या. शेगावला चढलेले एक गृहस्थ समोर बसले आणि त्यांनी माझी चौकशी सुरू केली. वऱ्हाडात अनोळखी माणूस हवापाण्यापासून सुरुवात करत नाही.

"कुठं उतरता जी?"

"मूर्तिजापूर."

"कोन हाय तिथं?"

"सासुरवाडी."

"अन् हे काठी कोनाची?"

"सासूबाईंसाठी नेतोय. गुडघे दुखतात."

ते खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. अकोला आलं तेव्हा म्हणाले, "जवाई सासूले काठी घेऊन चालला, हे मी पयल्यांदा पाहून राहिलो. येरंडाचं (एरंडाचं) पान गरम करून बांधा. काठी लागत नाई."

वहीत पहिली नोंद झाली. सल्ला क्रमांक एक, एरंडाचं पान. परतीपर्यंत हा आकडा सव्वीसवर गेला. त्यातला एकही मी मागितला नव्हता.

गाव मूर्तिजापूरपासून नऊ किलोमीटरवर. दारात सासूबाई उभ्या होत्या, पाठीशी दिलीपची बायको वैशाली. दिलीप ड्युटीवर होता. मी पायऱ्या चढेपर्यंत ओसरीत माझ्यासाठी खुर्ची आली, तिच्यावर घडी केलेली चादर आली, पाणी आलं. मी खुर्चीवर बसलो आणि सासूबाई समोर भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. बसताना त्यांनी एक हात भिंतीला लावला, एक जमिनीला, आणि शेवटची वीतभर त्या नुसत्या सुटल्या. तोंडातून आवाज आला नाही. मी विचारलं, "आई, कसं आहे?"

"वैशाली, त्यायले सांग, बरं हाय."

जेवायला ज्वारीची भाकर, कढी-गोळे (डाळीचे गोळे सोडलेली कढी) आणि वांग्याची भाजी. भाजीवर सांबार होता. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. हे मला सत्तावीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या दिवाळसणाला मी सांबाराची वाट पाहत निम्मं जेवण थांबलो होतो. ती गोष्ट या घरात अजून वाढली जाते. वैशालीने यंदाही वाढली.

शुक्रवारी आम्ही अमरावतीला गेलो. मूर्तिजापूरहून गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता, पायऱ्या बावीस, आणि लिफ्टच्या दारावर बंद असल्याची पाटी. वर पोहोचायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. नावं लिहून घेणाऱ्या माणसाला मी म्हटलं, "गुडघ्याचा दवाखाना तळमजल्यावर नको का?"

"वर चढून येते त्याले कमी दुखते, काका," तो मान वर न करता म्हणाला. "अर्धी तपासणी जिन्यातच होऊन जाते."

बाकं रिकामी होती. मी बाकावर बसलो, सासूबाई फरशीवर बसल्या. मी आग्रह केला. "त्यायले म्हणा, फरशी गार लागते, बरं वाटते," त्या नाव लिहिणाऱ्या माणसाला म्हणाल्या. त्याने मला ते इमानदारीत सांगितलं.

डॉक्टर वयस्कर, बोलायला मोजके. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, मग बाजूला ठेवला आणि सासूबाईंना चालायला लावलं, खुर्चीवरून उठायला लावलं, गुडघा हातात धरून वाकवला.

"हा फोटो गुडघ्याचा आहे," ते मला म्हणाले. "चालणारा माणूस वेगळा असतो. फोटो वाईट आणि माणूस ठीक, असे मी पुष्कळ पाहिलेत. यांचे गुडघे झिजलेत हे खरं. पण आजवर व्यायाम कुणी करून घेतला?"

कुणीच नाही.

"वजन?"

चौऱ्याहत्तर किलो.

"चार किलो उतरवा. एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार तीन-चार किलोंनी हलका होतो."

सासूबाई दिवसाला साधारण दोन हजार सहाशे पावलं चालतात, हे मी आदल्या दिवशी मोजलं होतं. मी तिथेच हिशेब केला. चार गुणिले चार गुणिले दोन हजार सहाशे. "म्हणजे दिवसाला एकेचाळीस हजार सहाशे किलो, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "एवढा कापूस तं आपल्या वावरात (शेतात) जलमात झाला नाई."

मी माझी यादी काढली. इंजेक्शन? ते म्हणाले, गुडघ्यात जेल सोडतात, काहींना काही महिने आराम पडतो, काहींना काहीच नाही, खर्च मात्र सगळ्यांना सारखा. आज घाई नको. गोळ्या? वेदनाशामक रोज उठून घ्यायच्या नाहीत, यांना रक्तदाब आहे, आधी मूत्रपिंडासाठी रक्त तपासा. तोवर लावायचं मलम आणि गरम पाण्याची पिशवी. पट्टा? बाहेर जाताना घाला, घरात नको. तेल, एरंडाचं पान? "चोळल्यानं बरं वाटत असेल तर चोळा. झिजलेलं त्यानं भरून येत नाही."

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. रोज मांडीचा व्यायाम, आणि जमिनीवर बसणं बंद. खाली बसून उठण्याइतकं या गुडघ्यांना जड काही नाही. "सहा आठवडे हे नीट करा. फरक पडला तर चालू ठेवा. नाही पडला तर ऑपरेशनची तारीख घेऊ, आणि मग मागेपुढे पाहू नका, तेही चांगलं असतं. दिवसातून किती वेळा जमिनीवर बसता, आजी?"

सासूबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली.

"मोजा," डॉक्टर मला म्हणाले. असं काम मला आयुष्यात कुणी इतक्या आपुलकीने दिलं नव्हतं.

शनिवारपासून वहीत रकाने पाडले. तारीख, जमिनीवर किती वेळा, शेरा. जमिनीवर बसल्या की एक उभी रेघ, पाचवी आडवी. शनिवार अठरा. रविवार सोळा. सोमवार सतरा. आकडा कमी व्हावा म्हणून मी दर दोन तासांनी त्यांच्या खोलीत डोकावून विचारायचो, "आई, व्यायाम झाला का? दुखतंय का?" त्या प्रत्येक वेळी जमिनीवर बसलेल्या असत, गहू निवडत किंवा नुसत्याच. मी रेघ ओढायचो, थोडं रागावायचो, निघून जायचो.

सोमवारी अकोल्याला व्यायामाच्या डॉक्टरीण बाईंकडे पहिली खेप. नाव प्रणाली, वय तिशीचं, बोलणं तडक. दवाखाना तळमजल्यावर. हे मी शेऱ्यात लिहिलं. त्यांनी सासूबाईंना पलंगावर झोपवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितली, दहा आकडे होईपर्यंत. मग पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. मग खुर्चीवर बसून पाय लांब करायचा. प्रत्येक दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. त्यानंतर त्यांनी काठी घेऊन चालायला लावलं. सासूबाईंचा उजवा गुडघा जास्त वाईट, म्हणून मी त्यांना काठी उजव्या हातात धरायला शिकवलं होतं, आणि घरच्या अंगणात तालीमही घेतली होती.

"काठी दुसऱ्या हातात धरायची असते. ज्या पायाचं दुखतं त्याच्या उलट्या," प्रणालीबाई म्हणाल्या. "हे उलटं कोणी शिकवलं?"

सासूबाईंनी छताकडे पाहिलं. "शिकवनारे लय हायेत घरात."

स्टेशनबाहेर मी आलूपोहा खाल्ला, वर तर्री (लाल तिखट रस्सा). सासूबाईंनी नुसता चहा घेतला, चार किलो मनावर घेतले होते. टपरीवाल्याने काठी पाहून सल्ला क्रमांक नऊ दिला. मेथ्या भिजवून.

गुरुवारी रक्ताचा अहवाल आणायला मी एकटाच अमरावतीला गेलो. घरचा तक्ता वैशालीच्या हवाली केला, रेघा कशा ओढायच्या ते दोनदा समजावलं. तिने वही हातात घेतली, म्हणाली, "एवढं तं आमी शाळेत बी नाई लिहिलं, भाऊजी."

अमरावतीत त्या दिवशी हवा छान होती. अहवाल चारला मिळणार होता, म्हणून मी पायी हिंडलो. संत्र्यांच्या हातगाड्या रस्त्याच्या कडेने केशरी ढीग लावून उभ्या होत्या. एका ठिकाणी गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा, त्यावर पातळ दही-चटणी, खाताना हात कोपरापर्यंत ओला होतो म्हणून हे नाव असावं, असा माझा अंदाज. विक्रेत्याने तो अंदाज ऐकून घेतला आणि म्हणाला, "तुमी पुण्याकडचे काय?" सातारा म्हटल्यावर त्याला फारसा फरक वाटला नाही. अहवाल ठीक निघाला.

घरी आलो, वही उघडली. गुरुवार, दोन.

"दोनच?" मी वैशालीला विचारलं.

"दोनच."

"दिवसभर लक्ष होतं ना?"

"भाऊजी, मले बी डोळे हायेत."

मी शेऱ्यात लिहिलं, 'मोजणी शंकास्पद'. शुक्रवारी वही परत माझ्याकडे आली आणि आकडाही परत आला. अठरा. मला माझ्या संशयाबद्दल समाधान वाटलं, हे कबूल करायला हवं.

शनिवारी अकोल्याच्या तिसऱ्या खेपेला प्रणालीबाईंनी गुडघा तपासला आणि चेहरा पाडला. व्यायाम होत होता, मांडीला थोडी ताकद येत होती, पण गुडघ्याला सूज तेवढीच. "असंच राहिलं तर सहा आठवडे थांबण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "काहीतरी रोज बिघडवतं आहे." सासूबाई अजून तपासणीच्या पलंगावर होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

मी माझी वही पुढे केली. प्रणालीबाईंनी बोट फिरवत रकाने वाचले. अठरा, सोळा, सतरा, एकोणीस, सतरा. मग बोट थांबलं.

"गुरुवारी दोनच?"

"ती नोंद धरू नका. मी नव्हतो घरी."

त्यांनी वही मिटली. सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, जरा बाहेर जाऊन दोन मिनिटांनी परत या बरं."

मी बाहेर गेलो. दाराच्या काचेतून आत दिसत होतं. प्रणालीबाईंनी खुर्ची पुढे केली, सासूबाई पलंगावरून उतरल्या आणि त्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या, पाठ टेकून, काहीतरी बोलत, हसत. मी दार उघडलं. पाऊल आत टाकायच्या आधी सासूबाई खुर्चीवरून उठल्या, भिंतीला हात लावला आणि जमिनीवर बसल्या.

"काढा रेघ," प्रणालीबाई म्हणाल्या.

मला समजायला थोडा वेळ लागला. सत्तावीस वर्षं मी त्यांना जमिनीवर बसलेलंच पाहत होतो आणि ती त्यांची सवय समजत होतो. ती माझ्यापुरतीच होती. जावई खुर्चीवर, तर सासू खाली. जावई खोलीत आला, तर सासूने बाजेवरून (खाटेवरून) उतरायचं. दिवसातून आठ-नऊ वेळा गुडघ्याची चौकशी करायला जाऊन मी त्यांना आठ-नऊ वेळा त्याच गुडघ्यावर बसवत होतो आणि वर रेघ ओढत होतो.

"आई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"मॅडम, त्यायले म्हणा," सासूबाई फरशीकडे बघत म्हणाल्या, "जवाईच्या बरोबरीनं बसनं आमच्यात नसते. माह्या मायनं केलं नाई, मी कावून (का म्हणून) करू?"

मी म्हटलं, मग मीच खाली बसतो. बसलोही. सासूबाई ताबडतोब उठायला लागल्या, कारण जावई उघड्या फरशीवर बसला होता आणि त्याच्याखाली काहीतरी अंथरायला हवं होतं. त्यांना थांबवायला मी घाईत उठलो, तेव्हा माझ्या डाव्या गुडघ्यातून असा आवाज आला, की प्रणालीबाईंनी तिकडे वळून पाहिलं.

"वय किती, काका?"

"छप्पन्न."

"तुम्ही पण टॉवेल दाबायला लागा." मग त्यांनी उपाय सांगितला, जो माझ्या यादीत नव्हता. "तुम्ही सकाळी जेवणाचा डबा घ्या आणि फिरा. वऱ्हाड पाहून घ्या. दिवे लागले की घरी. तीन-चार दिवस. आजींचे गुडघे सुटतील."

अशा रीतीने रविवारपासून मी डॉक्टरी सल्ल्याने प्रवासी झालो.

पहिल्या दिवशी मूर्तिजापूर. लोकांनी लाडाने शकुंतला म्हटलेली जुनी अरुंद रुळांची गाडी इथून यवतमाळ आणि अचलपूरकडे जायची. आता रुळांवर बाभळीची रोपं वाढलेली, आणि दोन रुळांमध्ये एक शेळी इतकी निवांत बसलेली, की वेळापत्रक तिच्याकडे असावं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, चालत्या गाडीतून उतरून लोक बोरं तोडायचे आणि परत चढायचे. मी गाडीचा वेग विचारला. "वेग असता तं बोरं कशी भेटली असती?" तो म्हणाला.

सोमवारी धामणगाव रेल्वे या गावचा कापूस बाजार. कापसाच्या गाड्या तोलायच्या रांगेत उभ्या, हवेत तंतू उडत होते, संध्याकाळपर्यंत माझ्या मिशा पिकल्या. तोलणाऱ्याच्या शेजारी उभं राहून मी तीन गाड्यांची बेरीज मनात केली, ती जुळली, फार बरं वाटलं. त्या दिवशी अकोल्याची खेप वैशालीने केली. मंगळवारी अमरावतीहून पुढे तिवसा. नागपूरच्या रस्त्याला संत्र्याच्या बागा पानं गाळून ताणावर उभ्या होत्या, पुढच्या बहारासाठी त्यांना पाणी तोडतात. बागवानाने काठीशिवायच माझी चाल ओळखली आणि सल्ला क्रमांक एकवीस दिला. निर्गुडीचा पाला, वाफेवर.

घरचे आकडे वैशाली लिहीत होती. रविवार तीन. सोमवार दोन. मंगळवार दोन. 'मोजणी शंकास्पद' हा शेरा मी खोडला आणि खोडल्याची सही केली. तिने ती पाहिली, काही बोलली नाही, पण मला त्या दिवशी पापड दोन मिळाले.

बुधवारी मी डबा घेऊन निघत होतो तेव्हा कमलाबाई, त्याच किल्लीवाल्या, कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि मोठ्याने सासूबाईंना हाक मारली.

"काय व, जवाई रुसले काय? रोज सकाळी डबा बांधून चालले जाते. अख्खं गाव विचारून राहिलं. जेवू घालत नाई काय जवायाले?"

सासूबाई दारात आल्या. हा प्रश्न त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त लागला, हे मला अंगणातून दिसलं. जावई रुसणं म्हणजे घराची लाज, आणि या घराच्या जावयाला सत्तावीस वर्षांत एकदाही रुसता आलं नव्हतं. त्या थोडा वेळ चौकटीला धरून उभ्या राहिल्या. एका बाजूला त्यांच्या आईची रीत, दुसऱ्या बाजूला गावाचं तोंड, आणि मध्ये दोन गुडघे.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "दोन खुर्च्या आन (आण) ओसरीत."

खुर्च्या आल्या. सासूबाईंनी स्वतः त्या हलवून दोन्हींचं तोंड रस्त्याकडे केलं, शेजारी शेजारी, मध्ये दीड हाताचं अंतर. मग त्या एका खुर्चीवर बसल्या. पदर कपाळावर ओढला.

"वैशाली, त्यायले सांग, बसा. पन इकडे पाहू नोका."

मी डबा खाली ठेवला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसलो. आम्ही दोघांनी समोरच्या रस्त्याकडे पाहायला सुरुवात केली. कमलाबाईही कुंपणापाशी उभ्या राहून आमच्याकडे पाहत होत्या. एक ट्रॅक्टर गेला. दोन सायकली गेल्या. पाऊण तासात गावातली चौदा माणसं त्या रस्त्याने गेली, त्यातली नऊ परत फिरून गेली. साधारण तिसाव्या मिनिटाला सासूबाईंनी गुडघा सरळ केला, पाय उचलला आणि दहापर्यंत मोजलं. मीही उचलला.

"तुमचा वाकून राहिला, जवाईबुवा," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "सरळ ठेवा."

सत्तावीस वर्षांत त्यांनी मला थेट दिलेली ही पहिली सूचना. वहीत ती सल्ला क्रमांक पंचवीस आहे. सव्विसावा कमलाबाईंचा होता, तो इथे देत नाही.

गुरुवारी अकोल्यात शेवटची तपासणी. सूज उतरली होती. सासूबाई हात न लावता खुर्चीवरून उठल्या, पहिल्यांदा अर्ध्यात थांबून, दुसऱ्यांदा न थांबता. वजन त्र्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम. प्रणालीबाई म्हणाल्या, "झिजलेलं परत येणार नाही, हे लक्षात ठेवा. पण असं चाललं तर सहा आठवड्यांनी तारीख मागायला जावं लागणार नाही, असं मला आज वाटतं. शनिवारी वाटत नव्हतं."

शुक्रवारी सकाळी निघायच्या आधी आम्ही विहारापर्यंत चालत गेलो. काठी डाव्या हातात, कठड्यावर उजवा हात. पाच पायऱ्या, चौथ्या पायरीवर एक थांबा, एकूण दीड मिनिट. आत कमलाबाई झाडत होत्या. त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे केली.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "सहा हप्ते (आठवडे) झाले का मांगतो. तोवर तू नीट झाड. कोपरे राहून राहिले."

घरी आल्यावर निरोपाचा विधी. जावई निघताना सासू टोपी, टॉवेल आणि पैसे देते. आजवर त्या ते खाली बसून, मान खाली घालून माझ्या पायांशी ठेवत. मी वैशालीला म्हटलं, "आईंना सांगा, खुर्चीवर बसून देणार असतील तरच घेतो. नाहीतर खरोखरच रुसतो."

सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. गाडीला अजून दीड तास होता, मी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी त्या बाहेर आल्या ते खुर्ची ओढतच.

परतीच्या गाडीत मी वही मिटवली. बिनशस्त्रक्रियेच्या उपायांची माझी यादी सातारा सोडताना एका पानाची होती. व्यायाम, वजन, काठी, पट्टा, मलम, शेक, इंजेक्शन. त्यात कुठेही जावई नव्हता. एखाद्याची काळजी घेताना आपण नेमके कुठे बसलेलो आहोत, हेही पाहायला हवं, एवढी एक ओळ मी शेवटी जोडली. साताऱ्यात उतरताना डावा गुडघा पुन्हा वाजला. सुनंदा म्हणाली, "टॉवेल काढून ठेवलाय. आईचा फोन आला होता."

एकूण खर्च. डॉक्टर सहाशे, रक्ततपासणी साडेचारशे, व्यायामाच्या पाच खेपा पंधराशे, काठी आणि पट्टे अठराशे पन्नास. बेरीज चार हजार चारशे, प्रवास आणि गिला वडा माझ्या खिशातून. तीन लाख साठ हजारांतल्या आमच्या निम्म्या वाट्याची ठेव मोडलेली नाही.

अखेरची रक्कम रुपये एकशे एक. देणार सासूबाई, घेणार मी. दोघेही खुर्चीवर.